जुन्नरची लेणी : दगडावरचे उपासक



आपल्यापैकी ज्यांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली आहे, त्या घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. शेजारीपाजारी अष्टविनायकाच्या यात्रेला निघतात. गाडीत दोन जागा रिकाम्या असतात, तेव्हा ते आपल्यालाही आग्रह करतात. त्या यात्रेत जुन्नरजवळचे लेण्याद्री येते. ती मुळात बुद्धलेणी आहेत असे कोणीतरी सांगितलेले असते. मग घरात वाद सुरू होतो. आजी म्हणते, चला, तेवढेच देवदर्शन होईल. कॉलेजात शिकणारा नातू म्हणतो, आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, त्या डोंगराची पायरीसुद्धा चढायची नाही.

माझे सांगणे असे की, जावे. अवश्य जावे, आणि आजी व नातू दोघांनी मिळून जावे. मात्र तेथे काय पाहायचे, काय वाचायचे आणि हात कोठे जोडायचे, हे घरून निघण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक व्हावे एवढ्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

जुन्नर हे पुणे जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. पुण्याच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, कुकडी नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. गाव लहान, पण त्याचे वय दोन हजार वर्षांहून अधिक. आज ते शिवनेरीमुळे ओळखले जाते. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म या किल्ल्यावर झाला, म्हणून शाळांच्या सहली येथे येतात. मीही मुलांना घेऊन गेलो आहे. किल्ल्याचे दरवाजे, शिवाई देवीचे देऊळ, जन्मस्थानाची इमारत पाहून सहल खाली उतरते. त्याच डोंगराच्या कड्यांत बौद्ध भिक्खूंची लेणी आहेत, हे सांगितल्याशिवाय मुलांच्या ध्यानात येत नाही. सांगितले की मात्र मुले वर बोट दाखवून विचारू लागतात, "गुरुजी, ती भोके कुणी पाडली?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तरही दगडावर लिहून ठेवलेले आहे.

गावाच्या सभोवती डोंगर आहेत. उत्तरेस नदीपलीकडे लेण्याद्री, दक्षिणेच्या अंगाला मानमोडी, गावाला लागून शिवनेरी आणि त्याच्याही पश्चिमेस तुळजा. या सर्वांत मिळून दीडशेपेक्षा पुष्कळ अधिक लेणी कोरलेली आहेत. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. अजिंठा-वेरूळ जगाला माहीत झाले ते चित्रांमुळे आणि मूर्तींमुळे. जुन्नरला तसे चित्ताकर्षक काही नाही, म्हणून प्रवासी इकडे कमी येतात. परंतु सामान्य माणसाने धम्म कसा जगवला हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने अजिंठ्याच्या आधी जुन्नर पाहावे असे माझे मत आहे.

ही लेणी येथेच का? कारण येथून वाट जात होती. कोकणात सोपारा आणि कल्याण ही बंदरे होती. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवर नाणेघाटाने वर चढे, जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, हे येथे ध्यानात ठेवावे. म्हणजे व्यापारी ज्या टापूत उतरत होता तेथे धम्म आधीच पोचला होता. भिक्खूंची चारिका व्यापाऱ्यांच्या तांड्यांच्याच वाटांनी होई. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खूंनी फिरू नये, एका ठिकाणी वस्सावास करावा, असा विनयाचा नियम. सह्याद्रीचा पाऊस झेलायला गवताची झोपडी किती पुरणार? म्हणून डोंगराचा काळा दगडच आतून कोरून काढला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत हे काम कमी-अधिक चालू होते.

आता लेण्याद्रीकडे वळू. गोळेगावच्या बाजूने तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेले की लेण्यांची एक लांब रांग लागते. तीस लेणी आहेत. त्यांपैकी सातव्या क्रमांकाचे लेणे सर्वांत मोठे, आणि गणपती आहे तो याच लेण्यात. गर्दीबरोबर आत जा आणि गर्दी समोर पाहत असेल तेव्हा तुम्ही बाजूला पाहा. मधोमध प्रशस्त दालन आहे, त्यात एकही खांब नाही. दोन्ही बाजूंना सात-सात आणि मागच्या भिंतीला सहा अशा वीस खोल्या. हा विहार आहे. त्या खोल्या भिक्खूंच्या निवासाच्या. मागच्या भिंतीतील मधल्या दोन खोल्या एक करून तेथे गिरिजात्मज गणपती स्थापन केला गेला. म्हणजे आज जेथे नारळ ठेवतात, तेथे एके काळी भिक्खूची चटई आणि भिक्षापात्र होते.

हे कळल्यावर तरुणांचे रक्त तापते, ते मी पाहिले आहे. त्यांना माझी विनंती आहे. तेथे भांडण करू नका. दर्शनाला आलेली म्हातारी माणसे शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या बदलाला जबाबदार नाहीत. त्यांतली कितीतरी आपल्यासारखीच कष्टकरी आहेत. आपण गणपतीला हात जोडायचे नाहीत, कारण गौरी-गणपतीला देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा आपण घेतली आहे. पण ज्याने हात जोडले त्याचा उपहासही करायचा नाही. कोणी विचारलेच तर शांतपणे खोल्या मोजून दाखवाव्यात. वीस खोल्या आणि मध्ये दालन, ही देवळाची रचना नव्हे, हे पाहणाऱ्याला आपोआप समजते.

मग हात कोठे जोडायचे? शेजारच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात. हे चैत्यगृह आहे. आत गेल्यावर दोन्ही बाजूंना खांबांची रांग दिसेल. खांबांच्या माथ्यावर हत्ती, वाघ असे प्राणी कोरलेले आहेत. वर पाहा. छताला लाकडी वाशांसारख्या कमानी आहेत, पण त्या दगडात कोरलेल्या. आणि शेवटी स्तूप. येथे बुद्धमूर्ती नाही. नवदीक्षित घरातील माणसे पुष्कळदा निराश होऊन विचारतात, "मूर्ती कुठे आहे?" ही लेणी कोरली गेली त्या काळी येथे तथागतांची मूर्ती करण्याचा प्रघात नव्हता. स्तूप हीच खूण. त्याच्याभोवती उजवी बाजू स्तूपाकडे ठेवून प्रदक्षिणा करावी, त्रिशरण-पंचशील म्हणावे. उदबत्ती, तेल, गुलाल काही नको. धुराने आणि तेलाने दगड खराब होतो, आणि ही लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. भिंतीवर खडूने 'जयभीम' लिहिणे हाही त्या लेण्यांचा अपमानच आहे, मग लिहिणाऱ्याची भावना कितीही चांगली असो.

या चैत्यगृहावर एक ओळीचा लेख आहे. तो ब्राह्मी लिपीत आहे. कित्येक शतके ही लिपी वाचणारा या देशात कोणी उरला नव्हता. लोक म्हणत, पांडवांनी एका रात्रीत लेणी खोदली आणि राक्षसांची अक्षरे काढली. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी उलगडली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे शिलालेख १८८१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, त्यात जुन्नरचे लेख आहेत. तेव्हा कळले की या चैत्यगृहाचे दान कल्याणच्या सुलसदत्ताने केले. तो हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा होता. ना पांडव, ना राक्षस. कल्याणचा एक माणूस.

मुलांना तेथे नेताना ब्राह्मीची दोन-चार अक्षरे शिकवून न्यावे. फार अवघड नाही. 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह. 'ठ' म्हणजे वर्तुळ, आणि वर्तुळात टिंब दिले की 'थ'. आडव्या रेघेवर मधोमध उभी रेघ काढली की 'न'. घराच्या छपरासारख्या दोन तिरप्या रेघा म्हणजे 'ग', लेण्यांच्या काळात त्याचा माथा जरा गोल झाला. एवढ्या पुंजीवर चौथीतले मूल दगडावरचे अक्षर ओळखते आणि त्याला होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. ज्यांच्या आज्यापणज्याला पाटीला हात लावायची मुभा नव्हती, त्यांच्या पोराने दोन हजार वर्षांपूर्वीचे अक्षर वाचावे, यापेक्षा वेगळी यात्रा कोणती करायची?

भाषेचीही एक गंमत सांगतो. हे लेख संस्कृतात नाहीत, प्राकृतात आहेत. म्हणजे लोकांच्या बोलीत. 'लेण' हा शब्द दगडावर आहे आणि आपण आजही लेणेच म्हणतो. खोलीला 'गभ' म्हटले आहे, आपला 'गाभारा' त्याच कुळातला. पाण्याच्या टाक्याला 'पोढी'. दानाला 'देयधम'. वडाला 'वड' आणि करंजाला 'करज'. एका लेखात दोन टाक्यांना 'बे पोढियो' म्हटले आहे. 'बे एके बे' म्हणणाऱ्या आपल्या पोरांना हा 'बे' कोण समजावून सांगणार? तो त्यांच्या पाढ्यातच आहे. तथागतांनी लोकांच्या भाषेत धम्म सांगा असे भिक्खूंना बजावले होते. जुन्नरच्या डोंगरावर ते पाळलेले दिसते.

आता या पाठाचा मुख्य भाग. दाते कोण होते?

जुन्नरला सुमारे तीस लेख आहेत. त्यांत राजाने स्वतः दिलेले लेणे शोधू गेलात तर निराशा होईल. राजाच्या जवळचा म्हणावा असा माणूस एक, महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम. तो वच्छसगोत्राचा. त्याने मानमोडीवर पाण्याचे टाके आणि मंडप दिला, आणि लेखात वर्ष ४६ असे लिहिले. बाकी सगळे गृहस्थ, व्यापारी, कारागीर. लेण्याद्रीवर धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक टाके दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना, आजची सहकारी सोसायटी म्हणा. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. तिचे व्याज संघाला मिळत राहावे ही योजना. नीट विचार करा. संघाच्या कामाचा पैसा कोणाकडे सुरक्षित ठेवला? बुरुडकाम करणाऱ्या हातांकडे. त्या माणसांवर तेवढा विश्वास होता, आणि त्यांची संघटना तो विश्वास पेलण्याइतकी बळकट होती.

कपिल नावाच्या उपासकाचा नातू आणि तापस नावाच्या उपासकाचा मुलगा आनंद, याने एक चैत्यगृह दिले. आनंदाने आपल्या बापाची आणि आज्याची ओळख करून देताना 'उपासक' एवढाच शब्द वापरला आहे. बापही उपासक, आजाही उपासक. तीन पिढ्या धम्मात होत्या, याचाच त्याला अभिमान. शिवनेरीवर वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने चैत्यगृह दिले, आणि त्यामागचा हेतू लिहिला, 'सव लोक हित सुखाय'. सर्व लोकांच्या हितासुखासाठी. स्वतःच्या स्वर्गासाठी नव्हे. दुसऱ्या एका लेखावरून नगरात धर्मोत्तरीय निकायाच्या भिक्खुणींचा उपाश्रय होता असे दिसते. म्हणजे जुन्नर गावात मुंडण केलेल्या, धम्म शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या स्त्रिया राहत होत्या. आपल्या मुलींना हे अवश्य सांगावे.

आणि आता ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला ते दाते. शिवनेरीवर दोन लेख असे आहेत की त्यांतले दाते 'यवन' आहेत. यवन म्हणजे ग्रीक. एकाचे नाव इरिल, त्याने दोन टाकी दिली, तेच ते 'बे पोढियो'. दुसऱ्याचे नाव चित, त्याने संघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीवर भूतलिंग नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात एक अपुरे राहिलेले चैत्यगृह आहे. त्याच्या दर्शनी भागाचे दान चंद नावाच्या यवनाचे. त्याच मानमोडीवर आणखी एक लेख आहे. कोणाचिक श्रेणीतला अदुथुम नावाचा उपासक वडालिका गावी वीस निवर्तने आणि कटपुतक गावी नऊ निवर्तने जमीन देतो. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. करंज आणि वड या झाडांचा उल्लेख करून या जमिनी सांगितल्या आहेत. हा अदुथुम 'शक' होता. त्याच्या नावावर जरा थांबा. अदुथुम, इरिल. ही आपल्याकडची नावे नव्हेत. जिभेला वळण घ्यावे लागते.

हे लोक परमुलखातून आलेल्यांच्या वंशातले. यांचे आईबाप बुद्धाला शरण गेलेले होते असे लेख सांगत नाही. यांना कोणत्याही वर्णात जागा नव्हती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात यवन आणि शक यांची गणना कर्मलोप होऊन वृषलत्वाला गेलेल्या जातींत केली आहे. हीच ती मनुस्मृती, जी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली. पोथीने ज्यांना खाली ढकलले त्यांना जुन्नरच्या संघाने काय म्हटले? अदुथुम शकाच्या नावापुढे 'उपासक' हा शब्द आहे. आनंदाच्या आज्याच्या नावापुढे जो शब्द, तोच या नव्या माणसाच्या नावापुढे. तीन पिढ्यांच्या उपासकाला मोठे अक्षर आणि नवख्याला लहान, असा भेद दगडावर केलेला नाही.

हे मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण आपल्या घरांत एक खंत असते. ती कोणी उघड बोलत नाही, पण असते. "आम्ही कालचे बौद्ध. आम्हाला पाली येत नाही, गाथा चुकतात, लग्नात अजून हळदीवरून भांडण होते. श्रीलंकेचे, ब्रह्मदेशाचे लोक खरे बौद्ध." दुसरीकडे काही जण या खंतीवर उपाय म्हणून म्हणतात, ही लेणी आपल्याच पूर्वजांनी खोदली, आपण मुळातलेच बौद्ध. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात, अस्पृश्य हे मूळचे बौद्ध होते असा सिद्धान्त मांडला आहे. तो प्रत्येकाने मुळातून वाचावा, त्यातले पुरावे आणि तर्क समजून घ्यावेत. परंतु जुन्नरच्या दगडावर आपल्या आडनावाचा माणूस शोधत बसू नये. तेथे आडनावे नाहीत. हेरणिक, गहपति, कासकार, यवन, शक, अमात्य आहेत. धंदा आहे, गाव आहे, बापाचे नाव आहे, क्वचित गोत्र आहे. या सगळ्यांना एकत्र आणणारा धागा म्हणजे त्यांनी संघाला दिलेले दान. वारसा सांगायचा तर तो रक्ताच्या नात्याने सिद्ध करण्याची गरज नाही. इरिलाने तो सिद्ध केला नव्हता. त्याने दोन टाकी खोदवली.

बाबासाहेबांना हा इतिहास पुरता ठाऊक होता. औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा यवन राजा, नागसेन स्थविरांना प्रश्न विचारून विचारून समाधान करून घेणारा. राजवंशातले एखादे भारदस्त देशी नाव देता आले असते. त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या परक्याचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. याच पुणे जिल्ह्यात देहूरोडला त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तारीख पुन्हा तीच, महाडची. जुन्नरच्या डोंगरावर यवन उपासकाचे नाव आहे आणि त्याच जिल्ह्यात देहूरोडचा विहार आहे. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे घडले त्याची जात काय, असे कोणी विचारले, तर हे दोन पत्ते द्यावेत.

इरिलाच्या टाक्यांविषयी आणखी थोडे. लेणी पाहताना लोक चैत्यगृह पाहतात, खांब पाहतात आणि बाहेरच्या पोढीत डोकावून पुढे जातात. आपण थांबावे. पाण्यासाठी १९२७ च्या मार्चमध्ये ज्यांना चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, त्यांना पाण्याच्या दानाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. कातळावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळीने टाक्यात घेतलेले असते. खडक काळा आणि घट्ट, म्हणून पाणी झिरपून जात नाही. जुन्नरच्या कितीतरी लेखांत 'लेण आणि पोढी' असा जोडीने उल्लेख येतो. खोली दिली आणि पाणी दिले नाही, तर दान अपुरे. आपल्या वस्तीत विहार बांधताना रंगीत फरशी आणि मोठ्या कमानीवर पैसा जातो आणि नळाची तोटी राहून जाते, हे पाहून मला पोढीची आठवण येते.

बाकीच्या डोंगरांविषयी थोडक्यात सांगतो. मानमोडी हे नाव आजचे नव्हे, शिलालेखात या डोंगराला मानमुकुड म्हटले आहे. त्याचे तीन गट आहेत, अंबा-अंबिका, भूतलिंग आणि भीमाशंकर. ही नावे लोकांनी नंतर दिली. अंबा-अंबिका गटात पुढील काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या, त्यांतल्या एकीला लोक अंबिका म्हणू लागले. म्हणजे लेण्याचा धनी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बदलला आहे. भिक्खू गेले, जागा रिकामी झाली आणि ज्याला गरज होती तो आत आला. भिक्खू का गेले, याचे उत्तर वाटेत आहे. व्यापार ओसरला, श्रेणी मोडल्या, तेव्हा ठेवीचे व्याज थांबले. जुन्नरच्या बाबतीत मला तरी तलवारीपेक्षा हे कारण मोठे वाटते. ज्या संघाला खालून रोज तांदूळ येतो तोच डोंगरावर टिकतो.

तुळजा लेणी लहान आहेत, परंतु तेथील चैत्यगृह चुकवू नये. ते गोल आहे. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती बारा खांबांचे कडे आणि वर घुमटासारखे छत. इतर चैत्यगृहे लांबट असतात, ही रचना फार दुर्मीळ. जुन्नरच्या लेण्यांत हा गट सर्वांत जुन्यांपैकी मानतात. एका लेण्यात तुळजाभवानीची स्थापना झाली, म्हणून डोंगराला ते नाव पडले.

सवड असेल तर नाणेघाटापर्यंत जावे, जुन्नरपासून तीसेक किलोमीटर पश्चिमेस. घाटाच्या माथ्याशी एक गुहा आहे. ही भिक्खूंची नव्हे. येथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा लेख आहे. त्यात अश्वमेधासह अनेक वैदिक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या हजारो गाईंच्या, घोड्यांच्या, नाण्यांच्या दक्षिणेची यादी आहे. संख्या आकड्यांत लिहिल्या आहेत आणि भारतातील फार जुन्या अंकचिन्हांत त्यांची गणना होते. इतिहासाच्या अभ्यासकाला हा लेख मोलाचा आहे, आपणही तो आदराने पाहावा. पण तो पाहताना जुन्नरचे लेख मनात ठेवा. एकाच वाटेच्या एका टोकाला राजघराणे यज्ञाची दक्षिणा मोजून लिहिते. दुसऱ्या टोकाला धान्याचे व्यापारी सात खोल्या आणि एक टाके लिहितात. यज्ञातल्या गाई केव्हाच गेल्या. टाक्यात आजही पावसाळ्यानंतर पाणी असते.

जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पावसाळ्यात शेवाळ असते, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचे तर कार्तिकानंतर, माघापर्यंत जावे. लेण्याद्रीला पायऱ्या आहेत. मानमोडीला आणि शिवनेरीच्या काही लेण्यांना पायवाट अरुंद आणि घसरणीची आहे, तेथे गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्यावा. लेण्यांच्या कपारींत मधमाश्यांची मोठी पोळी असतात, तेव्हा धूर, फटाके, घोषणा, भोंगे काही नको. जयभीम मनातल्या मनात म्हटला तरी पोचतो. भाकरी बांधून न्यावी, कागद आणि पिशव्या परत आणाव्यात. एक वही न्यावी आणि मुलांना प्रत्येक लेण्यातील खोल्या व टाकी मोजून लिहायला सांगावीत. पहिल्या दिवशी लेण्याद्री आणि तुळजा, दुसऱ्या दिवशी सकाळी शिवनेरी आणि उन्हे कलल्यावर मानमोडी, असा क्रम ठेवला की चालणे सोसते. भूतलिंगच्या अपुऱ्या चैत्यगृहापाशी पोचलात की कमानीखालच्या कोरीव कामात हत्तींच्या मध्ये उभी असलेली लक्ष्मी दिसेल. चंद यवनाने दिलेला दर्शनी भाग तो हाच. आतले काम खडकातच राहून गेले आहे.